ताटात अर्धी भाजी, रेशनात नुसता तांदूळ

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराचे १७ नियम जाहीर केले. त्यात एका माणसाचं दिवसभराचं ताटच मोजून दिलं आहे. धान्य २५० ग्रॅम, भाजी ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, डाळ किंवा अंडी-मासे-मटण ८५ ग्रॅम, दूध ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-जवस ३५ ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम. म्हणजे ताटाचा अर्धा भाग भाजी आणि फळांचा.

आता प्रतापगड आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कुठल्याही टोलीतलं ताट बघा. भाताचा ढीग, वर आलूचा पातळ रस्सा, असलंच तर पळीभर वरण. आम्ही टोल्यांमध्ये बायांची कंबर मोजतो (टेप शिलाईवालीचीच असते). बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली, की साखर आणि बीपीचा धोका वाढतो. कंबर जास्त निघाली की बाया हसतात. "ताई, खायला कुठं भेटते एवढं? हे तर सुखाचं पोट नव्हे," म्हणतात. त्यांचं खरं आहे. ते सुखाचं पोट नाही. त्याच बाईचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनही कमी निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय होता आणि २४ टक्के बाया जास्त वजनाच्या होत्या. ही दोन्ही दुखणी एकाच अंगात राहू शकतात, कारण दोन्ही एकाच ताटातून येतात.

भातानं पोट भरतं, पण भूक लवकर परत येते. पॉलिश तांदळाची साखर रक्तात झपाट्यानं चढते आणि कामाला न लागलेली शक्ती चरबी होऊन कंबरेवर बसते. डाळ, अंडी, मासे कमी असल्यानं स्नायू भरत नाहीत. म्हणून हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे.

काही जण विचारतात, आमचे आजे-पणजेही भातच खायचे, ते का नाही फुगले? खायचे खरे. पण तो भात उखळात कांडलेला असे, कोंडा थोडा राहून जाई. त्यासोबत अंबाडी, तरोटा, पावसाळ्यात वास्ते आणि सात्या, बोडीतले मासे, खेकडे, जवसाची चटणी. उपास घडायचा, दुष्काळ पडायचा, त्या गरिबीचं कौतुक आम्हाला करायचं नाही. पण ताटात चार वस्तू होत्या आणि रोवणीपासून कापणीपर्यंत अंग मोडेस्तोवर काम होतं. आता गिरणीचा पांढरा तांदूळ आला, बांधीत हार्वेस्टर आला, बोडीचा ठेका गेला आणि पोराच्या हातात दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट आलं.

यावर गावोगावी एकच उपाय सांगितला जातो: भात सोडा. आम्हाला हे पटत नाही. नियम पाळणं म्हणजे एक पदार्थ वगळणं नव्हे, अख्खं ताट बदलणं आहे. भात अर्धा केला आणि त्या जागी काहीच आलं नाही, तर बाई आणखी अशक्त होते. आणि चार दिवसांनी भुकेनं दुप्पट खाते. भात कमी करायचा तो डाळ-भाजीला जागा व्हावी म्हणून.

पण ती डाळ आणायची कुठून? चार माणसांचं घर नियमाप्रमाणे जेवलं, तर महिन्याला १० किलो डाळ लागते. तूर शंभर-सव्वाशे रुपये किलो धरा, हजार-बाराशे रुपये झाले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तीन-चार दिवसांची मजुरी नुसत्या डाळीत! रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं. त्या तांदळात लोह मिसळायला सुरुवात झाली होती, तेही चांगलंच. पण डाळीचा दाणा नाही. वर २०१५ पासून बैलाच्या मांसावर बंदी, म्हणजे गरिबाचं स्वस्त मांसही गेलं. शाळेत आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे थांबवले आणि लोकवर्गणी काढा असं सांगितलं. एक सरकारी संस्था म्हणते अंडं खा, दुसरं सरकारी खातं म्हणतं वर्गणी काढा.

आपल्याला लागून असलेल्या छत्तीसगडनं २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला, त्यात आदिवासी भागात स्वस्त चण्याची सोय ठेवली. तामिळनाडूत रेशनवर तूरडाळ स्वस्तात मिळते. तिकडे जमतं ते इथे का जमू नये? बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडायला सांगितलं. दुसऱ्यानं टाकलेल्यावर पोट भरायचं नाही, हा त्यातला अर्थ आहे. नुसत्या तांदळावर समाधान मानणं आम्हाला त्याच जातीचं वाटतं.

घरात आपल्या हाती असलेलं एक काम मात्र उद्यावर टाकू नये. वरण सगळ्यात आधी बापाला, मग पोरांना वाढलं जातं आणि बाई शेवटी भात आणि उरलेला रस्सा खाते. संस्थेचं ८५ ग्रॅमचं माप माणशी आहे, घरधन्याचं नाही. सगळ्यांनी एकत्र बसून जेवलं, तर न खर्चता बाईचं ताट सुधारतं. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला भोजनदानात बुंदी आणि पुरीऐवजी मटकीची उसळ, उकडलेली अंडी, जवसाची चटणी ठेवून बघा. लोक नाव ठेवणार नाहीत. परसात शेवगा लावा. लाखोळीची डाळ खात असाल तर भिजवून पाणी फेका आणि रोज तीच नको.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत: त्या पैशातून शाळा-अंगणवाडीला अंडी, आणि रेशनवर माणशी एक किलो डाळ मिळावी म्हणून तहसीलदारांकडे मागणी. कोरम भरायला बाया लागतील.