विहारयात्रेची वसई

वसईवर लिहिणाऱ्यांचा एक ठरीव पाठ होऊन बसला आहे. प्रथम खाडीच्या मुखावरील किल्ल्याचे वर्णन. मग वडापिंपळांच्या मुळ्यांनी कवटाळलेल्या भिंती, छप्पर गेलेली ख्रिस्तमंदिरे आणि दर्या दरवाजाची लोखंडी खिळ्यांची दारे. त्यानंतर १७३९ च्या मोहिमेविषयी चार वीररसपूर्ण वाक्ये. आणि शेवटी सूर्यास्त. लेखक घरी परततो, वाचक सुखावतो, आणि वसई पूर्वी जशी अज्ञात होती तशीच राहते. हा प्रकार निरुपद्रवी आहे, असे कित्येकांस वाटत असेल. आमचे मत निराळे आहे. ज्या वस्तूंस वर्णनात स्थान मिळत नाही त्यांस पुढे नकाशातही स्थान उरत नाही. आणि वसईत आज जे जे नाहीसे होत आहे ते ते नेमके या वर्णनांतून गळालेले आहे. हे दाखवून देणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

वास्तविक या वादाचा निकाल वसई तालुक्यातच सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका शिळेवर कोरून ठेवला गेला होता. किल्ल्याच्या उत्तरेस तीन-चार कोसांवर सोपारे आहे. महाभारतातील शूर्पारक ते हेच. ग्रीक दर्यावर्दींच्या ‘पेरिप्लस’मध्ये ज्याचा उल्लेख येतो ते बंदरही हेच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस येथे अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा मिळाला, व १९५६ साली जवळच्या भुईगावास नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठवा लेख गिरनारादी स्थळी अधिक पूर्ण रूपात उपलब्ध असल्यामुळे त्याच्या आशयाविषयी शंका नाही. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. मृगया व तत्सम करमणूक हा त्यांच्या प्रवासाचा हेतू असे. अशोकाने अभिषेकास दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाचे दर्शन घेतले आणि तेव्हापासून धर्मयात्रेचा पाठ घातला. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट होती, वृद्धांचा परामर्श होता, आणि जनपदातील सामान्य माणसांचे दर्शन होते. म्हणजे स्थळे गौण आणि माणसे मुख्य! हा उपदेश ज्या भूमीवर कोरला गेला त्याच भूमीवर आज आमचे शिक्षित लोक शुद्ध विहारयात्रा करून परततात, हा योगायोग मार्मिक आहे.

आता पहिला आक्षेप घेऊ. वसईचा इतिहास आम्ही एका तारखेत कोंबून ठेवला आहे. १६ मे १७३९ या दिवसाचे मोल आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाही. १७३७ मध्ये ठाणे व साष्टी हस्तगत झाल्यावर दोन वर्षे चिकाटीने चाललेली ती मोहीम, तटाखाली खणलेले सुरुंग, चिखलात व दलदलीत पडलेले हजारो शिपाई, आणि चिमाजी अप्पांचा अढळ निश्चय यांपुढे मराठी माणसाची मान आदराने लवलीच पाहिजे. परंतु इतिहास हा एका दिवसाचा उत्सव नव्हे. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्ड याने हाच किल्ला इंग्रजांसाठी जिंकला व १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांकडे परत आला, हे विजयोत्सवात कोण सांगतो? आणि १८०२ चे काय? त्या वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांपुढे पराभूत होऊन दुसरे बाजीराव पुण्याहून निघाले ते अखेर वसईस आले. आणि ३१ डिसेंबर रोजी याच गावी त्यांनी इंग्रजांशी तह केला. सहा हजार इंग्रजी फौज पदरी घेणे, तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून देणे आणि परराज्यांशी कंपनीच्या संमतीवाचून व्यवहार न करणे, अशा त्या तहाच्या अटी होत्या. ज्या तटावर पेशवाईचे निशाण चढले त्याच्याच आश्रयाला येऊन ६३ वर्षांनी पेशवाईने आपले स्वातंत्र्य लिहून दिले. ज्या पिढीस १७३९ ठाऊक आहे आणि १८०२ ठाऊक नाही, तिला अभिमान करता येतो, पण शहाणपण येत नाही. एकाच गावात विजय व शरणागती शेजारी शेजारी उभी असताना एकीस नमस्कार करून दुसरीकडे पाठ फिरवणे, यास इतिहासप्रेम म्हणता येणार नाही.

यावर एक उत्तर हमखास येते. ते असे, की किल्ल्यातील हे अवशेष परक्या, जुलमी सत्तेचे आहेत. ते ढासळले तर आमचे काय गेले? या प्रश्नास टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य नाही. जुलूम झाला, हे सत्य आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या भीतीने वसई व तिच्या अंमलातील मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढील दोनशे वर्षांत देवालये पाडली गेली, धर्मांतरास सत्तेचे पाठबळ मिळाले. हे विसरा असे आम्ही कोणास म्हणणार नाही. पण ज्यांनी प्रत्यक्ष रक्त सांडून ही सत्ता उलथली त्यांनी काय केले, ते तरी पाहाल की नाही? चिमाजी अप्पांनी शरण आलेल्या शत्रूस बायकामुलांसह, शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिले आणि मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपल्या धर्माने वागण्याची मोकळीक दिली. मंदिरांतील घंटा त्यांच्या लोकांनी वितळवल्या नाहीत, त्या देवळांत नेऊन टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. विजेत्यांस जे जपावेसे वाटले त्याची विल्हेवाट लावण्याचा उत्साह त्यांच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्यांनी का दाखवावा? शिवाय तटाचा दगड येथलाच, चुना येथलाच, आणि त्यासाठी भरलेला कर येथील रयतेचाच. गोव्याच्या बों जेझु मंदिराच्या दर्शनी भागासही वसईचाच काळा दगड गेला. मालक परका होता म्हणून ज्या घामाने ते काम उभे राहिले तो घाम परका ठरत नाही.

याच्या नेमके उलट टोकास असलेल्या मंडळीसही आम्ही सोडणार नाही. भग्न कमानी पाहून ज्यांस हरपलेल्या पाश्चात्य वैभवाचे उसासे येतात, कोठे ते सरदार आणि कोठे त्या पालख्या म्हणून ज्यांचा कंठ दाटतो, त्यांनी फ्रान्सिस्कन मंदिराच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा एकदा निवांत पाहाव्या. तेथे पोर्तुगीज कुलीनांची नावे कोरलेली आहेत. ज्या कोळ्यांनी त्यांस मासळी पुरवली, ज्या वाडवळांनी त्यांच्या बागा शिंपल्या, त्यांची नावे कोठेच नाहीत. विजयाचा उत्सव करणारे आणि वैभवाचे उसासे टाकणारे, हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी असले तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे: दोघांनाही वसईकर दिसत नाही.

हा आमचा दुसरा आणि मुख्य आक्षेप होय. वसईचे जे जे उचलून नेता येण्यासारखे होते ते ते बाहेर गेले आहे. घंटा नाशिकास व मेणवलीस गेल्या. अशोकाची शिळा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ज्या टेकाडास सोपाऱ्याचे लोक पिढ्यानपिढ्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत, तो स्तूप असल्याचे भगवानलालांनी दाखवले. त्याच्या पोटातून निघालेले एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि आठ बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. वस्तू तेथे सुरक्षित आहेत, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जे उचलता येत नाही ते वसईतच राहिले आहे, आणि त्याची राखण करणारे वस्तुसंग्रहालय अद्यापि निघालेले नाही.

ते कोणते? पहिली गोष्ट येथील लोक व त्यांच्या बोली. फिरंगी गेले तरी येथील ख्रिस्ती समाज गेला नाही. कारण तो येथलाच होता. सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी लोकांची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची कोळी बोली या मराठीच्या सख्ख्या लेकी आहेत. ज्या ख्रिस्ती समाजास आम्ही अर्धवट परका समजतो त्यानेच १६ व्या शतकात गोन्सालो गार्सिया हा पुरुष जगास दिला. १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे त्यास क्रूसावर मरण आले आणि १८६२ मध्ये रोमने त्यास संतपद दिले. त्याच समाजाने आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा मराठीचा लेखक दिला. त्यांच्या ‘सुबोध बायबल’स साहित्य अकादमीने अनुवादाचा पुरस्कार दिला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. त्या निवडीवर काही ठिकाणी काहूर उठले, ते भाषेवरून नव्हे, धर्मावरून! वसई ज्यांनी धर्मयात्रेच्या दृष्टीने एकदा जरी पाहिली असती त्यांच्याकडून हा प्रमाद घडता ना.

दुसरी गोष्ट पाणी. उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरातून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करीत येते आणि वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. ही खाडी होती म्हणून बंदर होते. बंदर होते म्हणून किल्ला झाला. भूमीच्या आत हेच नाते लहान प्रमाणावर वाडीवाडीत उभे होते. त्याचे नाव बावखल. वाडीच्या शिंपणासाठी खोदलेले गोड्या पाण्याचे हे छोटे तळे पावसाचे पाणी धरी, जमिनीत जिरवी, भोवतालच्या विहिरींस झरे पुरवी आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यास दूर ठेवी. केळी, पानमळे, फुलबागा, आगाशीची सुकेळी हे सारे त्या पाण्याचे देणे. कोणत्याही स्थळवर्णनात बावखलाचा उल्लेख सापडत नाही. कारण त्यास बुरूज नाही आणि त्यापुढे सूर्यास्तही विशेष शोभत नाही. म्हणून ते बुजवले तर कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. विहिरींतून टँकरांनी होणारा उपसा व बेबंद बांधकामे यांविरुद्ध येथील लोकांनी याच दिब्रिटोंच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभारली, ती किल्ल्याच्या दगडासाठी नव्हती, या पाण्यासाठी होती. त्या लढ्याचे वर्णन कोणत्या सहलीच्या पुस्तकात आहे?

काळाचा उपहास असा, की ज्या मुंबईची बेटे १५३४ मध्ये वसईच्या मुलुखासोबत पोर्तुगीजांकडे गेली आणि १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांस आंदण म्हणून मिळाली, त्याच मुंबईचे वसई आज उपनगर झाली आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली; २०११ च्या गणनेत तिची वस्ती सव्वाबारा लक्षांच्या घरात होती. मुंबईत घर न मिळालेला श्रमजीवी येथे आसरा शोधतो, त्यास दोष देणे हा निर्दयपणा होईल. त्यास घर हवेच. पण ओढे, मिठागरे व बावखले बुजवून बांधलेले घर त्याचेही घर राहत नाही. २०१८ च्या जुलैत पाऊस झाला तेव्हा रेल्वे थांबली, वस्त्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि लोकांस होड्यांनी बाहेर काढावे लागले. पाण्याच्या वाटा जे विसरले त्यांस पाण्याने आपली वाट दाखवून दिली. तात्पर्य, जुने गाव कसे वसले होते याचे ज्ञान ही पंडितांची चैन नव्हे. नव्या रहिवाशाच्या उंबरठ्याशी त्याचा संबंध आहे.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वसईस अवश्य यावे; किल्ला पाहावा, चिमाजी अप्पांच्या स्मारकास वंदन करावे. पण त्याच दिवशी १८०२ चा तहही आठवावा. पाचूबंदरास मासळीचे जाळे विणणाऱ्याजवळ दोन शब्द बोलावेत. एखाद्या वाडीत बावखल शिल्लक असेल तर मालकास विचारून ते पाहावे. सोपाऱ्यास जाऊन इमारतींच्या गर्दीत सापडलेल्या त्या स्तूपापाशी घटकाभर थांबावे. आणि जे लिहिणारे आहेत त्यांनी सूर्यास्ताचा परिच्छेद गाळून त्या जागी एका बावखलाचा ठावठिकाणा लिहावा. मराठी गद्याची त्याने काही हानी होणार नाही, आणि कदाचित एक तळे वाचेल.