समजून घ्या : बंधारा शाबूत राहतो, मग काठ का वाहून जातो?

अमरावती : मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाला १३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यातले किती उघडले, ही बातमी लगेच मोबाइलवर येते. पण धरणातून किंवा बंधाऱ्यावरून पडलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, यावर फारसं बोललं जात नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो.

पडत्या पाण्यात जोर किती?

५ मीटरवरून पडणारं पाणी तळाशी ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आदळतं. बंधाऱ्याच्या माथ्यावरच्या पाण्याची उंची दुप्पट झाली, तर विसर्ग जवळपास २.८ पट होतो. ‘पाणी थोडंच वाढलं’ हा अंदाज इथेच चुकतो.

ते शांत कसं करतात?

पायथ्याशी काँक्रीटची कुंडी बांधतात. वेगाने आलेलं उथळ पाणी तिथे उसळतं, आतल्या आत घुसळतं आणि खोल, संथ होऊन पुढे जातं. याला ‘हायड्रॉलिक जम्प’ म्हणतात. कुंडी आखूड पडली, तर ही उसळी पुढे सरकते आणि नदीचा उघडा तळ खरवडते.

दुसरा मुद्दा हवेचा. पडत्या पाण्याच्या पडद्यामागची हवा पाणी ओढून नेतं. नवी हवा मिळाली नाही, तर पडदा थरथरतो आणि बांधकामाला हादरे बसतात. म्हणून मागे हवेचे पाइप देतात किंवा माथ्यावर पडदा फोडणारे ठोकळे बसवतात.

पूर्णा खोऱ्यात अडचण काय?

इथे खोलवर गाळाची माती आहे, पायाला खडक लागत नाही. पाणी बंधाऱ्याखालून झिरपताना बारीक माती घेऊन जातं, तर पुरात बाजूचा काठ कापतं. त्यामुळे जमिनीत खोल आडभिंत, पुढे दगडांचं अस्तर आणि दोन्ही काठांना भिंती लागतात. खर्च वाढतो, पण तो टाळता येत नाही. खारपाणपट्ट्यात विहीर-बोअरचं पाणी खारं, त्यामुळे नदीत अडवलेलं गोडं पाणी हाच मोठा आधार. पूर्णेवरचे घुंगशी, नेरधामणा हे बॅरेज म्हणूनच महत्त्वाचे.

गावकऱ्यांनी काय पाहावं?

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पाट्या पावसाळ्याआधी निघाल्या का, हे आधी बघा. त्या अडकून राहिल्या, तर पूर बाजूने वाट काढतो. पूर ओसरल्यावर पायथ्याशी खड्डा किंवा काठाला भेग दिसली, तर फोटो काढून ग्रामपंचायतीमार्फत लेखी कळवा. ऑक्टोबरमध्ये पाट्या लावण्याआधी दुरुस्ती झाली, तरच रब्बीचं पाणी थांबेल.