चाहूल न देण्याची विद्या

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौदा विद्यार्थी पक्षी पाहावयाचे म्हणून भल्या पहाटे सिरसाळ्याच्या शिवारात गेलो. चौदांत तीन पांढरे शर्ट आणि एक खणखणारा मोबाईल! ज्वारीच्या कडेने तितरांची साद येत होती, पण तितर एकही दृष्टीस पडला नाही. बांधावर बसलेले एक पारधी आजोबा हसून म्हणाले, "पोरांनो, तितर तुम्हांला कवाच बघून गेला."

न दिसणे ही एक विद्या आहे. ती ज्यांच्याजवळ होती, त्यांना आपण कधी विद्वान म्हटले नाही. फासेपारधी पाळीव तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवीत आणि भोवती फास मांडीत. पिंजऱ्यातला ओरडला की रानातला नर, आपल्या हद्दीत कोण घुसले म्हणून, भांडायला धावून येई आणि अडके. तोवर पारधी झुडपाआड निश्चल! गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडोशाने चालत. गाय चरत चरत सरके, तसे तेही सरकत. चरणाऱ्या गुराला काळवीट भीत नाही, हे हेरायला किती पिढ्या लागल्या असतील! अमेरिकेतले शिकारी रानटी टर्कीसाठी पानांच्या रंगाचे कपडे चढवतात, तोंड झाकतात, मादीचा आवाज काढून नराला बोलावतात. तिकडे तो परवाना काढून केलेला छंद.

शिकार पुन्हा सुरू व्हावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हवाच होता. माळढोक आपल्या माळांवरून जवळजवळ नाहीसा झाला. त्याला मात्र नांगराखाली गेलेले माळ आणि विजेच्या ताराही कारण आहेत, एकटा पारधी नव्हे. प्रश्न एवढाच की, हातचा फास काढून घेतल्यावर आपण त्या हातात दिले काय? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, गावाची नजर काही रद्द झाली नाही. आजही कुठे चोरी झाली की आधी पारध्यांची पालं आठवतात. तितरापासून लपणारा माणूस आता आपल्यापासून लपतो.

अकोला-वाशीमकडे तणमोर राखण्याच्या कामात फासेपारध्यांनाच सोबत घेतले गेले. आपल्या जिल्ह्यातही पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. तिथे वाटाड्या म्हणून यांच्याइतका लायक कोण? आम्ही कलाशाखेचे, प्राणिशास्त्र आमच्याकडे नाही, हे खरे. पण पावलांच्या ठशांना, पाखरांच्या आवाजांना या लोकांच्या बोलीत कोणते शब्द आहेत, ते टिपून घ्यायला मराठीचा विभाग पुरेसा आहे.

आजोबांना मी म्हटले, एकदा आमच्या वर्गात येऊन हे सारे सांगा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "येईन की. पर फाटकावरचा शिपाई आत सोडंल का?"