फोटो निघाला, पुढे काय?

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत एका देणगीदारांचा फोन आला. "वहिनी, आईच्या नावानं तुमच्या शिबिरांसाठी एक्स-रे मशीन द्यायचंय. चांगल्यातलं चांगलं निवडा, पैशांचं मी बघतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर आम्ही दर दोन महिन्यांनी आरोग्य शिबिर घेतो. तिथल्या बाईला छातीचा फोटो काढायला तालुक्याला यायचं, तर दिवसाची मजुरी बुडते. मग खोकला अंगावरच काढला जातो.

टाळ्या मीही वाजवल्या. पण घरी येताना डोळ्यांपुढे दुसरंच मशीन होतं. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्याला असंच मोठं यंत्र भेट मिळालं होतं. नारळ फुटला, पेढे वाटले. नंतर कळलं, त्याला लागते तेवढ्या दाबाची वीजच तिथे नाही आणि चालवणारा माणूसही नाही. आज त्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे, आणि आवरणावर बोटभर धूळ.

मी आर्ट्सची पदवीधर. फिजिक्सशी संबंध दहावीलाच सुटला. पण साडी घेताना पदर उलगडून बघणाऱ्या आपण, लाखोंची वस्तू नुसती कॅटलॉग बघून घ्यायची? मग डॉक्टरांना विचारलं, एक्स-रे काढणाऱ्या टेक्निशियन ताईंच्या मागे लागले, थोडं वाचलं.

पहिला प्रश्न, यंत्र हवंय कशासाठी? आमच्याकडे मुख्य काळजी टीबीची. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची मोठी पाहणी झाली. छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण सुटून गेले असते, असं त्यात दिसलं. म्हणजे खोकला, ताप नसलेल्या माणसाच्या छातीतही आजार लपलेला असतो. छातीपुरतं काम असेल तर हातात धरता येणारं, तीन-साडेतीन किलोचं, बॅटरीवरचं यंत्र पुरतं. पण कंबर, मणका अशा जाड भागाचा फोटो त्यातून तितका चांगला येत नाही. "एकाच मशीनमध्ये सगळं" म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे आधी विचारावं. एका चार्जिंगमध्ये किती फोटो निघतात, उन्हाळ्यात बॅटरी कशी टिकते, हेही.

आणखी एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. किरणं सोडणारं यंत्र वेगळं आणि फोटो टिपणारी पाटीसारखी चौकट, म्हणजे डिटेक्टर, वेगळा. तो महागही आणि नाजूकही. पाड्याच्या वाटेवर एकदा हातातून पडला की शिबिर संपलं. म्हणून पेटी कशी आहे, दुरुस्तीला माणूस कुठून आणि किती दिवसांत येणार, हे कागदावर लिहून घ्यायचं.

दुसरी बाब सुरक्षिततेची. यंत्र छोटं म्हणून किरणं खेळण्यातली नसतात. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असलेलंच मॉडेल घ्यावं लागतं, वापरायला परवानगी लागते आणि चालवायला शिकलेला माणूस लागतो. एका फोटोत पेशंटला मिळणारी किरणं अगदी थोडी. पण दिवसभर तिथेच उभ्या राहणाऱ्या टेक्निशियनचं काय? शिशाचा एप्रन हवा, स्टँड हवा. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा साधारण चौथाईवर येतो. शिबिरात मात्र सगळा गाव गंमत बघायला भोवती गोळा होतो. म्हणून दोरी बांधून गर्दी मागे ठेवणारी एक खमकी कार्यकर्तीही हवीच!

तिसरा मुद्दा कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतो. जगातल्या अगदी पहिल्या एक्स-रे फोटोंपैकी एक बाईच्या हाताचा आहे. १८९५ च्या डिसेंबरात राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटातली अंगठी स्पष्ट दिसते. आमच्या बायकांचं मंगळसूत्रही असंच छातीच्या फोटोत उतरतं. पुढे घेतलेली वेणीसुद्धा फुप्फुसावर डाग असल्यासारखी दिसू शकते. चारचौघांत मंगळसूत्र काढा म्हटलं की बाई आल्या पावली परत जाते. म्हणून आडोसा हवा, स्वच्छ गाऊन हवा आणि "दिवस राहिलेत का गं?" हे कानात विचारणारी बाई हवी. यातलं काहीच महाग नाही. पण यादीत नसेल तर लाखोंचं यंत्र बायकांच्या उपयोगाचं राहत नाही.

आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न. फोटो निघाला, पुढे काय? तो वाचणार कोण? आता संगणक फोटोत संशयाची जागा दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीसाठी त्याला मान्यता दिली. तरी ती शंकाच. खात्री थुंकीच्या तपासणीनं होते. ती थुंकी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पोचायला हवी आणि औषध सुरू झालं तर ते पूर्ण होईपर्यंत पाड्यावर कुणीतरी जायला हवं. नाहीतर आपण तिच्या हातात फक्त भीती ठेवून परत येतो.

१९१४ च्या महायुद्धात मेरी क्युरींनी जखमी सैनिकांसाठी एक्स-रेच्या गाड्या उभ्या केल्या. नुसतं यंत्र दिलं नाही. गाडीच्या इंजिनावर वीज तयार करणारा डायनामो बसवला, स्वतः गाडी चालवायला शिकल्या, सतरा वर्षांच्या लेकीला सोबत घेतलं आणि सुमारे दीडशे बायकांना हे काम शिकवलं. वीज, वाहन आणि शिकलेले हात, हे सगळं मिळून यंत्र होतं, हे त्या बाईंना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

मी देणगीदारांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, "भाऊ, यंत्र साधं घेऊ. उरलेल्या पैशांत तीन वर्षं टेक्निशियनचा पगार, देखभाल आणि पेशंटचं जाण्यायेण्याचं भाडं बसवू." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वहिनी, पटतंय. पण पगारावर आईचं नाव कुठे लिहायचं?"

मला राग नाही आला. आईचं नाव कुठेतरी दिसावं, हे कुणाला वाटणार नाही? पण मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असं दान येईल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी हे प्रश्न विचारा. दान देणाऱ्याला राग येईल म्हणून गप्प बसू नका. नाव प्लॅस्टिकच्या आवरणाखालीही राहतं. आणि एखादी बरी झालेली बाई पुढच्या शिबिरात शेजारणीला हाताला धरून घेऊन येते, तेव्हा ती "कुणाच्या आईच्या पुण्याईनं" असं म्हणतेच.

भाऊंना मी हेच सांगणार आहे. उद्या त्यांनी पुन्हा बोलावलंय.