तहानेला तप म्हणू नका



आज थोडं कडक लिहिणार आहे. आपल्या घरात पाण्याचा किती विचार होतो! गाळायचं, तीन उकळ्या आणायच्या, परातीत ओतून गार करायचं. उकळलेलं पाणी किती वेळ चालतं तेही पाठ असतं: पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. सगळं मोजतो. फक्त ते पाणी उकळणारीच्या पोटात दिवसभरात किती पेले गेले, हे कुणी मोजत नाही.

सकाळी डबे, मग स्थानक, मग स्वयंपाक, पाहुणे, आणि सूर्यास्ताआधी सगळ्यांची ताटं. सगळ्यांचं आटोपलं की घड्याळाकडे बघत दोन पेले घटाघटा प्यायचे आणि चौविहाराचं पच्चक्खाण घ्यायचं. वर घरचे कौतुकानं सांगतात, "आमच्या हिला पाणी लागतच नाही." यात कौतुक कसलं?

चौविहारात अशन, पान, खादिम, स्वादिम या चारही आहारांचा त्याग असतो. तिविहारात तिघांचाच, पाणी मोकळं. तिविहार उपवासातही दिवसा उकळलेलं पाणी घेता येतं. ज्यानं अन्न सोडलंय त्याच्यासाठीही पाण्याचा वेगळा विचार केलेला आहे. मग दिवसभर चुलीपुढे उभी असलेल्या बाईनं कोरडं का राहायचं?

कुणी म्हणेल, कायक्लेश हेही बाह्य तपच की! आहेच, सहांपैकी एक. पण तप समजून, शक्ती पाहून, पच्चक्खाण घेऊन केलं जातं. कामाच्या रगाड्यात पाणी प्यायचं राहून गेलं, तर ती हेळसांड. तिला तपाचं नाव देणं हा तपाचा अपमान आहे.

आणि शेवटचे ते दोन पेले दिवसभराची भरपाई करत नाहीत. आपण काही उंट नाही. एकदम प्यायलेलं जास्तीचं पाणी थोड्या वेळात लघवीवाटे निघून जातं. आपण पाणी गाळतो, तशी मूत्रपिंडं रक्त गाळतात, आणि त्या कामाला पाणी लागतं. ते कमी पडलं की लघवी गडद होते, जळजळ, बद्धकोष्ठ, डोकेदुखी मागे लागते, मुतखड्याचा धोका वाढतो. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१० साली बायकांसाठी अन्नातलं धरून रोज २ लिटर पाणी पुरेसं मानलं, तेही समशीतोष्ण हवेत. आपल्याकडचा वैशाख आठवा! वय वाढलं की तहानेची जाणीवही बोथट होते, म्हणून सासूबाईंनी "मला तहानच नाही" म्हटलं तरी पेला पुढे करा. बाळंतिणीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. तिच्यावर चौविहाराचा आग्रह धरणाऱ्यांनी ते कुठून येणार, हेही सांगावं.

अजून एक गोष्ट आपण कुजबुजत बोलतो, ती मोठ्यानं बोलते. प्रवचनाला, यात्रेला, लग्नाला निघताना कितीतरी जणी मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण तिथे बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं. चातुर्मासाच्या मंडपाला, जेवणावळींना देणगीदार मिळतात. कडी लागणाऱ्या स्वच्छ दोन खोल्यांना का मिळू नयेत? महिला मंडळानं हा विषय पुढच्या बैठकीत पहिला घ्यावा.

चौविहार सोडा असं मी म्हणत नाही. तो नीट पाळायचा म्हणूनच दिवस नीट वापरा. नवकारसी आली की एक पेला, मग दर दीड-दोन तासांनी एक. स्वयंपाकघरात आपला तांब्या वेगळा भरून ठेवा, संध्याकाळी तो रिकामा दिसला पाहिजे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक चाललंय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

पाण्यातल्या जिवांची दया आपल्याला लहानपणीच शिकवतात. ते पाणी उकळणाऱ्या जिवालाही तिच्यातला वाटा द्या.