एल निनो कुणाचा?

पावसाळा तोंडावर आला की बातम्यांत ‘एल निनो’ येतोच. परवा भिशीला शेजारच्या काकूंनी विचारलं, “अगं, हा एल निनो म्हणजे नक्की कोण?” मी म्हटलं, “मुलगा!” सगळ्या हसल्या. पण खरंच, स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ लहान मुलगा.

हे नाव पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी दिलेलं. नाताळच्या सुमारास तिथला समुद्र कोमट व्हायचा, मासळी कमी व्हायची. दिवस येशूजन्माचे, म्हणून त्या प्रवाहाला नाव पडलं बाळ येशूचं. पुढे शास्त्रज्ञांनी हाच शब्द प्रशांत महासागराच्या मोठ्या पट्ट्याच्या तापण्याला लावला. आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ झाला दुष्काळ! १९७२, २०१५, २०२३ ही एल निनोचीच वर्षं. मात्र १९९७ मध्ये तो जोरात असूनही देशात पाऊस चांगला झाला होता. तेव्हा दारात टँकर आला की सगळं खापर त्या पोरावर फोडू नये. आपण पाणी कुठे मुरवलं, कुठे उधळलं, तेही बघावं.

समुद्र नेहमीपेक्षा थंड झाला की ‘ला निना’, म्हणजे लहान मुलगी. तेव्हा आपल्याकडे बहुधा पाऊस बरा होतो. पण या मुलीला हे नाव मिळालं १९८०च्या दशकात. त्याआधी तिची ओळख ‘एल निनोच्या उलट’ एवढीच!

हे सगळं ऐकून काकू म्हणाल्या, “ते काही असो, आमच्याकडे यंदा एल निनोच येऊ दे बाई!” पुन्हा हशा पिकला. चहा घेऊन आलेली त्यांची सून तेवढी हसली नाही. तिला सातवा महिना आहे, आणि पहिली मुलगी आहे.

मला साताऱ्याच्या ‘नकुशी’ आठवल्या. मुलाची वाट पाहताना झालेली मुलगी, म्हणून नाव नकुशी. २०११ मध्ये त्या जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. नाव बदललं, पण घराघरातली ती इच्छा गेली का?

‘मुलगी म्हणजे लक्ष्मी, ती पाऊस आणते’ असंही मी काकूंना सांगणार नाही. ला निनाच्या वर्षी कधी पूरही येतात, मग काय मुलीला बोल लावायचा? मुलीने काही आणावं म्हणून ती हवी, हेच मुळात चुकतं. ती आपली आहे, एवढं पुरे नाही का?

पुढच्या भिशीला काकूंशी हेच बोलणार आहे. सुनेसमोरच.