बोटीच्या पोटाला पॉलिश!

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला मस्तगडहून आईचा फोन. ‘काय करतोयस रे?’

‘बोटीखाली आडवा पडून रंग घासतोय.’

दोन सेकंद शांतता. मग, ‘त्यासाठी जालना सोडून मुंबईला गेलास होय? पोळ्याला आजोबांच्या बैलांची शिंगं घासायचास, ते काय वाईट होतं?’

आता आईला काय सांगणार! कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या माणसाला शिडाची बोट दिसते ती कॅलेंडरवर. पण ऑफिसातल्या एका मित्राने रेसिंगच्या क्रूमध्ये घेतलं आणि माझ्या वीकेंडची वाट लागली. पहिल्याच रेसला आम्ही शेवटून पहिले! म्हटलं, ‘शीड जुनं झालंय, नवीन घेऊ.’ मित्र म्हणाला, ‘आधी खाली बघ.’

बोट पाण्याबाहेर काढली आणि ट्यूब पेटली. तळाला शेवाळ, त्यात दगडासारखे चिकटलेले बार्नेकल आणि त्याखाली रोलरने मारलेला रंग, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत.

फंडा सोपा आहे. बोट चालते तेव्हा तळाला बिलगलेलं पाणीही सोबत ओढलं जातं. तळ जितका खरखरीत, तितका हा ब्रेक घट्ट. वारा जोरात असेल तेव्हा बोटीची बरीच ताकद लाटा उठवण्यात जाते. पण वारा मंद असला की लढाई मुख्यतः या घर्षणाशीच. म्हणजे गुळगुळीत तळ पैसे वसूल करून देतो तो वारा पडलेल्या दिवशी!

मग करायचं काय? पॉलिशपेपर आणायचा. आधी ३२० नंबर, मग ४००, हौस असेल तर ६००. तो लांब, लवचिक फळीला लावायचा, नाहीतर बोटांच्या दाबाने खड्डे पडतात. घासायचं पाणी मारूनच. हा रंग तळावर जीव बसू नयेत म्हणूनच असतो आणि त्यात बहुतेकदा तांब्याची संयुगं असतात. कोरडी धूळ नाकात गेली तर बार्नेकलची आणि आपली गत सेम! मास्क, ग्लोव्हज मस्ट. आणि ते रंगाचं पाणी समुद्रात सोडायचं नाही, बॉस. सगळ्यात जास्त लक्ष बोटीखालच्या पात्याच्या आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला. पण जोशात रंगच उडवलात, तर बार्नेकल पुन्हा हजर. आणि वरून वॅक्सची चमक? फोटोपुरती. वेग वाढत नाही.

तांब्याची युक्ती जुनीच. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले होते. १९८७ च्या अमेरिकाज कपमध्ये ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ने तर तळाला बारीक खाचांची फिल्म चिकटवली आणि कप जिंकला. आज रेसिंगच्या नियमांत अशा खास पृष्ठभागाला बंदी आहे. शॉर्टकट बंद, कोपर चालू!

हे लाड वाटत असतील, तर २०१८ ची गोल्डन ग्लोब रेस आठवा. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. आपले अभिलाष टॉमी वादळात जखमी झाले, तीच ही रेस. विजेत्याला २१२ दिवस लागले. फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनला? ३२२! त्याच्या तळावर बार्नेकलची अख्खी वसाहत झाली होती. शीड नव्हे, पोट नडलं. महिनोन् महिने, एकटा, रांगत्या बोटीवर...

आमचं म्हणाल, तर पुढच्या रेसला आम्ही मधोमध आलो. शीड तेच, माणसं तीच. न दिसणाऱ्या भागावर घातलेल्या दोन रविवारांचा एवढाच हिशेब. अप्रेझलमध्ये असलं काम कुणी मोजत नाही. पाणी मात्र बरोब्बर मोजतं.

आईला फोन करून सांगितलं. म्हणाली, ‘छान. आता शिंगांना हिंगूळ कधी लावतोस?’